दाईच्या चमच्यापासून गर्दच्या पुडीपर्यंत

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, राजांच्या वंशावळी असतात. परंतु ज्या शत्रूने तलवार न उपसता राजवाड्यापासून गिरणी कामगाराच्या चाळीपर्यंत असंख्य घरे धुळीस मिळविली, त्याला या पुस्तकांत क्वचितच जागा मिळते. हा शत्रू म्हणजे नशा. विद्यार्थ्यांना आपण पानिपतची कारणे पाठ करावयास लावतो. पण त्यांच्याच गल्लीत तरुण मुले का कोमेजतात, याची कारणे शोधण्याचे आपल्या मनात येत नाही.

प्रस्तुत लेखात दारू, तंबाखू, अफू, गांजा आणि गर्द या पदार्थांचा आपल्या दख्खनच्या भूमीतील इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे. हा इतिहास चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. नशा कधीही शत्रूच्या वेषात दाराशी येत नाही. ती प्रथम औषध म्हणून येते, मग रिवाज होते, मग कोणाचा तरी धंदा बनते आणि शेवटी रोग होऊन राहते. रोग झाला की घरचे लोक तो झाकतात, आणि झाकलेला रोग माणसाला संपवितो. या चार पायऱ्या ज्याने ओळखल्या, त्याला आपले मूल पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच अडविता येते.

तीन शाहजादे

आपले जुन्नर ही निजामशाहीची पहिली राजधानी. पुढे अहमदनगर वसले व राज्याचे केंद्र तिकडे गेले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अकबर बादशहाने हे राज्य जिंकण्यासाठी फौजा पाठविल्या. चांदबिबीने नगरचा किल्ला कसा लढविला हे सर्वांना ठाऊक आहे. पण या दख्खनच्या मोहिमांत अकबराने आपले दोन पुत्र गमावले आणि ते दोघेही तलवारीने मेले नाहीत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

शाहजादा मुराद १५९९ साली जालन्याजवळच्या छावणीत वारला. त्याने तिशीही गाठली नव्हती. अतिमद्यपानाने त्याचे शरीर पोखरून टाकले होते. त्याच्या जागी धाकटा शाहजादा दानियाल आला. त्याच्या काळात १६०० साली नगरचा किल्ला पडला. पण किल्ला जिंकणाऱ्याला स्वतःला जिंकता आले नाही. तोही दारूच्या आहारी गेला. अकबराने त्याच्यावर पहारे बसविले, दारू आत जाऊ नये अशी सक्त ताकीद दिली. तेव्हा शाहजाद्याच्या मर्जीतल्या नोकरांनी बंदुकीच्या नळीत दारू भरून ती आत पोहोचविली. नळीतला गंज आणि दारूगोळ्याची राख त्यात मिसळली. ती पिऊन दानियाल बऱ्हाणपूर येथे १६०५ च्या सुमारास मरण पावला. त्याचे वय तेहतीस वर्षांच्या आत-बाहेर होते.

तिसरा पुत्र सलीम, म्हणजेच जहांगीर बादशहा. त्याने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच्या व्यसनाची हकीकत आश्चर्य वाटावे इतक्या मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. लहानपणी खोकला झाला म्हणून आईने आणि दायांनी दोन-तीन वेळा थोडी दारू पाण्यात व गुलाबपाण्यात मिसळून औषध म्हणून पाजली होती, असे तो सांगतो. पुढे ऐन तारुण्यात, शिकारीहून थकून आला असता एका तोफचीने सुचविले की एक पेला घेतल्यास शीण जाईल. पेला घेतला, शीण गेला. मग पेल्यांची संख्या वाढत गेली. द्राक्षाची दारू पुरेना म्हणून दोनदा गाळलेला कडक अर्क सुरू झाला. नऊ वर्षांत मजल रोजच्या वीस पेल्यांवर गेली. हात इतके थरथरू लागले की पेला ओठांशी दुसऱ्याने धरावा लागे.

त्या वेळी हकीम हुमाम याने भीड न ठेवता सांगितले की असेच चालले तर सहा महिन्यांत इलाजाच्या पलीकडे जाल. शाहजाद्याने ते ऐकले व सात वर्षांत प्रमाण सहा पेल्यांपर्यंत खाली आणले. व्यसन पुरते सुटले नाही. अफूची जोड त्याला शेवटपर्यंत होती आणि कारभाराचा बराच भार बेगम नूरजहान हिने वाहिला. तरीही तो १६२७ पर्यंत जगला.

तिघेही एकाच बापाचे पुत्र, एकाच राजवाड्यात वाढलेले. दानियालचा रोग पहाऱ्याआड राहिला व त्याची दारू बंदुकीच्या नळीतून आली. जहांगीरचा रोग एका हकिमाने तोंडावर बोलून दाखविला आणि रोग्याने तो मान्य केला. दोघांच्या मृत्यूत बावीस वर्षांचे अंतर पडले त्याचे एक मोठे कारण येथे आहे.

तंबाखू : दरबारातून चुलीपर्यंत

तंबाखूचे रोप मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांनी ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणले आणि तेथून ते विजापूरच्या आदिलशाही मुलुखात रुजले. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला असता त्याला ही नवी वस्तू दिसली. १६०४-०५ च्या सुमारास त्याने ती रत्नजडित नळीसह बादशहाला नजर केली. दरबारातील हकिमाने हरकत घेतली, कारण जुन्या वैद्यकग्रंथांत तिचा उल्लेख नव्हता. पण नवलाईपुढे हकिमाचे चालले नाही. अमीर-उमराव ओढू लागले, व्यापाऱ्यांनी माल आणला, आणि थोड्याच वर्षांत धूर सर्वत्र पसरला. १६१७ साली जहांगिराने तंबाखूबंदीचा हुकूम काढला. तख्तावर येताच त्याने दारूविक्रीच्या मनाईचाही हुकूम काढला होता, आणि आपण स्वतः पितो हेही त्याच ओघात नमूद केले होते. ज्या घरात मोठे ओढतात त्या घरात लहानांना केलेल्या उपदेशाचे काय होते, हे या हुकुमांच्या गतीवरून समजावे.

आपल्या खेड्यापाड्यांत तंबाखूने औषधाचा वेष आजही टाकलेला नाही. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री कित्येक आया-बहिणी दात घासण्यासाठी म्हणून लावतात. दात शिवशिवतात, पोट साफ होत नाही, अशी कारणे सांगितली जातात. सकाळी एकदा लावलेली मिश्री मग दुपारी लागते, रात्री लागते, आणि गरोदरपणीही सुटत नाही. अशा मातेचे मूल कमी वजनाचे निपजण्याचा धोका असतो हे वैद्यकाने दाखवून दिले आहे. पुरुषांचा मावा आणि गुटखा हे त्याच कुळातले. गालाच्या आत पांढरा चट्टा उमटतो, तोंड उघडेनासे होते, आणि कधी कधी त्याचा शेवट कर्करोगात होतो. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शेकडा २६.६ लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. त्यांतले बहुसंख्य ओढणारे नव्हेत, तर तोंडात धरणारे होते. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई केली. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली. कायदे आहेत; ते आपल्या शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचले आहेत की नाहीत, हे पाहणे मात्र पालकांच्या व शिक्षकांच्या हाती आहे.

अफू : मुंबईच्या श्रीमंतीची दुसरी बाजू

खसखशीच्या बोंडाला चीर दिली की जो पांढरा चीक येतो तो वाळवून अफू होते. वेदना थांबविणे, जुलाब आवरणे, झोप आणणे या गुणांमुळे वैद्य-हकिमांनी तिला शतकानुशतके वापरले. औषध म्हणून तिची योग्यता आजही कमी झालेली नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या व कर्करोगाच्या असह्य वेदनांवर तिच्यातूनच काढलेले मॉर्फिन देतात. पण त्याच गुणात तिचा धोका आहे. शरीर तिला सरावते, तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते, आणि मिळाली नाही की अंग मोडून येते.

ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ साली बंगालच्या अफूचा मक्ता आपल्या हाती घेतला. पश्चिमेकडे माळव्यात, होळकर-शिंद्यांच्या मुलुखात, उत्तम अफू पिके. तिच्यावर कंपनीचा मक्ता चालेना. तेव्हा १८३० च्या सुमारास कंपनीने वेगळी वाट काढली : माल मुंबईमार्गे न्यावा आणि पेटीमागे कर भरून परवाना घ्यावा. दमण आणि सिंधची आडवाट काही काळ चालली. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांनी जिंकताच ती वाटही आवळली गेली आणि कर चढत गेला. अशा रीतीने मुंबई हे चीनकडे जाणाऱ्या अफूचे मोठे बंदर बनले.

या व्यापारात सर जमशेटजी जीजीभाई यांचे नाव अग्रभागी होते. ज्या जे. जे. रुग्णालयात आपल्या भागातील गोरगरीब रोगीही उपचार घेत आले, ते १८४५ साली त्यांच्या देणगीतून उभे राहिले. त्यांचे भागीदार कोण होते? मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोघे हे कोकणी मुसलमान, आणि रॉजर द फारिया हे गोव्याकडील ख्रिस्ती. या धंद्यात कोणा एका धर्माला बोट दाखविता येत नाही. त्या काळी तो कायदेशीर व प्रतिष्ठित व्यापार होता, आणि हीच तिसरी पायरी. धंदा प्रतिष्ठित झाला की विष दिसेनासे होते.

ते चीनला दिसले. १८३९ साली लिन झेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. इंग्रजांनी युद्ध पुकारले. १८४२ च्या तहाने हाँगकाँग घेतले. १८५६ ते १८६० या काळात दुसरे युद्ध झाले. एखाद्या राष्ट्राला नशा विकत घेण्याची सक्ती तोफांनी करावी, याचे इतके उघड उदाहरण जगाच्या इतिहासात दुसरे शोधावे लागेल.

परदेशी पाठविलेले विष घरी आल्यावाचून राहिले नाही. मुंबईच्या गिरण्यांत घाटावरच्या व कोकणातल्या हजारो बाया राबत. दिवसभर यंत्रापुढे उभे राहावयाचे, तान्हे मूल घरी ठेवावयाचे. ते रडू नये म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ चाटवीत. १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरने मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली. शंभरांतील अठ्ठ्याण्णव बालकांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नोंदविले. मूल झोपे, म्हणून आईला ते औषधच वाटे. पण झोपलेले मूल दूध मागत नाही, रोडावते, आणि मात्रा चुकली तर त्याचा श्वासच थांबतो. या मातांना दोष देण्याचे धाडस कोणी करू नये. ज्या व्यवस्थेने त्यांना मुलाजवळ बसू दिले नाही, तिची ती गोळी होती.

सरकारी तिजोरी आणि समाजाचा आवाज

गांजा-भांगेची कथाही बोधप्रद आहे. भांग, गांजा आणि चरस ही एकाच रोपाची तीन रूपे : पाने, फुलोरा आणि चीक. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड होई, आणि तिच्यात आपला शेजारी नगर जिल्हा पुढे होता. विलायतेत ओरड झाली की गांजामुळे हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे भरत आहेत. म्हणून १८९३ मध्ये सरकारने आयोग नेमला. त्याने अकराशेंवर साक्षी घेतल्या आणि पुढील वर्षी सात खंडांचा अहवाल दिला. इस्पितळांच्या नोंदी तपासताना त्यांना आढळले की पुष्कळ ठिकाणी वेडाचे कारण ‘गांजा’ असे पोलिसांनी केवळ अंदाजाने लिहिलेले होते. माफक सेवनाने विशेष हानी होत नाही, अतिरेक घातक आहे, सबब बंदी न घालता कर लावून नियंत्रण ठेवावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष आजही काही तरुण पुढे करतात. परंतु वाढत्या वयातील मेंदूवर गांजाचा काय परिणाम होतो याचे ज्ञान त्या आयोगापाशी नव्हते. लहान वयात लागलेल्या गांजाने स्मरण व एकाग्रता ढासळते, आणि ज्याच्या प्रकृतीत मनोविकाराचे बीज असेल त्याच्यात ते उफाळू शकते, हे आता डॉक्टर सांगतात. अंदाजाने भीती घालणे जसे चूक, तसे जुन्या अहवालाच्या आधाराने निर्धास्त राहणेही चूक.

दारूच्या बाबतीत तिजोरीचा मोह अधिक उघड होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे व ताडी काढणे सरकारी नियंत्रणाखाली आले. डोंगरातील आदिवासींच्या मोहाच्या फुलांवरही पुढे निर्बंध आले. दुकाने लिलावाने दिली जाऊ लागली. दुकान वाढले की महसूल वाढे, आणि महसूल वाढला की दुकान वाढे. महात्मा जोतीराव फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढून कुटुंबे उद्ध्वस्त होत आहेत, अशी तक्रार त्यांनी १८८० साली नगरपालिकेकडे लेखी केली. त्यांची सत्यशोधक चळवळ आपल्या जुन्नर-ओतूर भागातही रुजली होती, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले.

१९३९ साली मुंबईत दारूबंदी आली. त्या वेळचे मंत्री डॉ. गिल्डर हे पारशी, आणि दारूच्या धंद्यात पारशी बांधवांचा वाटा मोठा; तरी स्वजनांचा रोष पत्करून त्यांनी ती राबविली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. पण हातभट्ट्या पेटल्या, लपूनछपून विक्री वाढली, पुढे कायदा सैल झाला आणि परवान्याची खोली गावोगाव आली. विषारी दारूचे संकट आजही टळलेले नाही. २०१५ साली मुंबईच्या मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसे दगावली. आणि राज्याच्या तिजोरीत आजही दारूपासून दरवर्षी हजारो कोटी रुपये जमा होतात. म्हणून सरकार एकटेच हा रोग बरा करील, या भ्रमात कोणी राहू नये. गावातील दुकान बंद करण्यासाठी महिलांना मतदान करता येते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी ‘आडवी बाटली’ निवडली तर दुकान बंद होते. हे हत्यार लोकांनी लढून मिळविलेले आहे.

खोकल्याचे औषध ते गर्द

आता आपल्या काळाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फिन वेगळे काढण्यात आले. १८७४ साली लंडनमध्ये एका रसायनशास्त्रज्ञाने मॉर्फिनवर प्रक्रिया करून नवा पदार्थ बनविला. १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने तो ‘हेरॉइन’ या नावाने बाजारात आणला. कशासाठी? खोकल्यावरचे औषध म्हणून! जहांगीरच्या दायांनी खोकल्यासाठी दारू पाजली होती; तीन शतकांनंतर शास्त्राने खोकल्यासाठी हेरॉइन दिले. मॉर्फिनप्रमाणे याची सवय लागत नाही असाही समज होता. तो किती खोटा आहे हे काही वर्षांतच कळले आणि १९१३ मध्ये कंपनीने उत्पादन थांबविले. तोवर पदार्थ जगाच्या हाती पडला होता.

१९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. त्या भागातील चोरट्या मालाच्या वाटा बदलल्या, आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत मुंबईत भेसळयुक्त हेरॉइनची तपकिरी पूड मिळू लागली. तिलाच ब्राऊन शुगर म्हणतात. मराठीत तिचे नाव पडले ‘गर्द’. चांदीच्या कागदावर पूड ठेवावयाची, खालून काडी धरावयाची, आणि धूर नळीने ओढावयाचा. पहिल्या दिवसांत मित्र फुकट देतात. मग ती मिळाली नाही की नाक-डोळे वाहतात, हाडे दुखतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. गर्दुल्ले याला ‘टर्की’ म्हणतात. आता मुलगा मजेसाठी ओढत नसतो, टर्की चुकविण्यासाठी ओढत असतो. घरातली भांडी, आईचे दागिने, पुस्तके एक एक करून नाहीशी होऊ लागतात.

१९८५ साली केंद्र सरकारने अंमली पदार्थविरोधी कडक कायदा केला. आणि याच सुमारास आमच्या ओतूरच्या एका सुपुत्राने या प्रश्नात हात घातला.

डॉ. अनिल अवचट यांचा जन्म १९४४ साली ओतूर येथे झाला. वैद्यकीय शिक्षण पुण्याला घेऊन ते लेखणीकडे वळले आणि हमाल, विडी कामगार, देवदासी अशा उपेक्षितांचे जीवन त्यांनी महाराष्ट्रापुढे मांडले. एका परिचितांचा मुलगा गर्दच्या विळख्यात सापडल्याचे कळल्यावर त्यांनी या विषयाचा शोध घेतला आणि लेखमाला लिहिली. ‘गर्द’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. ते लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले व त्यांनी उपचार केंद्रासाठी देणगी देऊ केली. अनिल अवचट यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करीत होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले.

मुक्तांगणचे वेगळेपण औषधांहून अधिक दृष्टीत होते. तेथे व्यसनी माणसाला चोर किंवा पापी मानले नाही, आजारी मानले. मारहाण नाही, अपमान नाही. आधी टर्कीवर औषध, मग दिनक्रम, व्यायाम, संगीत, गटात बसून आपली हकीकत मोकळेपणाने सांगणे. जे बरे झाले तेच पुढे इतरांचा हात धरणारे कार्यकर्ते झाले. रुग्णांच्या पत्नींसाठीही ‘सहचरी’ नावाचा गट सुरू झाला, कारण व्यसन एकाला असते पण आजारी सारे घर पडते. डॉ. अनिता १९९७ मध्ये आणि डॉ. अनिल अवचट २०२२ मध्ये निवर्तले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी हे काम पुढे चालविले आहे. हकीम हुमामने एका शाहजाद्यासाठी जे केले, तेच ओतूरच्या डॉक्टरांच्या मुलाने व त्याच्या पत्नीने सामान्य घरांतील हजारोंसाठी केले : रोगाला त्याच्या नावाने हाक मारली.

आपली जबाबदारी

गर्दनंतर शत्रूने पुन्हा वेष पालटला आहे. खोकल्याचे कोडिनयुक्त औषध बाटलीने पिणे, ‘बटन’ किंवा ‘कुत्ता गोळी’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या झोपेच्या व चिंताशामक गोळ्या, पंक्चरचे सोल्युशन व व्हाइटनर हुंगणे, आणि ‘एमडी’ म्हणून ओळखली जाणारी मेफेड्रोनची पूड. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी आपल्याच जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो मेफेड्रोन पकडले. माळशेज घाटातून कल्याणकडे आणि नारायणगावाहून पुण्याकडे आपली भाजी व कांदा रोज जातो. त्याच रस्त्यांनी परतीला काय येऊ शकते, याचा विचार आपण केला पाहिजे.

आपल्या मुस्लिम समाजापुरते एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. दारू हराम आहे हे लहान मूलही सांगते. त्यातून दोन गैरसमज वाढले आहेत. पहिला असा की दारूला शिवले नाही म्हणजे आपण नशेपासून दूर आहोत. मग मावा, गोळी, चिलीम यांची गणती कोणी करीत नाही. वास्तविक बुद्धीवर पडदा टाकणाऱ्या प्रत्येक पदार्थाला दीनची मनाई लागू आहे, असेच उलेमा सांगत आले. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. आपल्या घरात असे घडूच शकत नाही, आणि घडले तर ते बाहेर कळता कामा नये, ही ती भावना. बहिणीचे लग्न अडेल, मोहल्ल्यात मान खाली जाईल, म्हणून मुलाला गावाकडे पाठवितात, खोलीत कोंडतात, घाईने त्याचे लग्न उरकतात. पहाऱ्याने दानियाल वाचला नाही, आणि लग्नाने व्यसन सुटत नाही. एका मुलीचे आयुष्य मात्र त्यात होरपळते.

म्हणून पालकांनी काही साध्या गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. मुलाचे जुने मित्र एकाएकी तुटले, गुण घसरले, पैशाची मागणी वाढली, घरातल्या वस्तू नाहीशा होऊ लागल्या, भूक आणि झोप बदलली, तर आरडाओरड न करता त्याच्याशी बोलावे व डॉक्टरांना दाखवावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. जो व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतो, त्याला स्वतःच्या सेवनाबद्दलच्या खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद कायद्यात आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नयेत. नियमित पिणाऱ्याची दारू एकदम तोडल्यास झटके व भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणून तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. आणि एकदा सुटलेले व्यसन पुन्हा लागले तर सारे संपले असे समजू नये. मधुमेह किंवा दमा उलटतो तसा हाही रोग उलटतो, आणि पुन्हा उपचाराने आटोक्यात येतो.

आम्हा शिक्षकांचेही कर्तव्य आहे. तंबाखूची पुडी सापडली म्हणून मुलाला शाळेतून काढून टाकणे सोपे आहे. पण काढलेला मुलगा जातो कोठे? ज्याने पुडी दिली त्याच्याकडेच. दाखला देण्यापूर्वी त्याला जवळ बसवून एकदा विचारले पाहिजे, “पहिल्यांदा कोणी दिलीस, बेटा, आणि काय सांगून दिली?” उत्तर बहुधा एकच येईल : अभ्यासाला जाग येते म्हणून, दात दुखत होता म्हणून, थकवा जातो म्हणून. जहांगिराला तोफचीने हेच सांगितले होते.

आपल्या संस्थेने मुलामुलींच्या हाती पुस्तक दिले. ते पुस्तक धरणारा हात थरथरता होऊ नये, याची काळजी घर, मशीद, मंदिर, शाळा आणि ग्रामपंचायत यांनी मिळून घेतली, तर इतिहासातून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.